कांगारूंची शिरगणती आणि ‘शाश्वत’ शब्दाचा अर्थ

एखाद्या वादांत दोन्ही पक्षांनीं आंकड्यांचाच आश्रय केला, म्हणजे तो वाद आंकड्यांनींच मिटेल असें वाचकांस साहजिकच वाटूं लागतें. पुष्कळ वेळां घडतें तें मात्र उलटें. आंकडे वाढत जातात, आणि मूळ प्रश्न त्यांच्या ढिगाखालीं दबून राहतो. ऑस्ट्रेलियांतील रानटी कांगारूंची व्यापारासाठीं जी शिकार होते तिच्याविषयींचें लिखाण व चित्रण पाहतांना आम्हांस ह्या गोष्टीचा पुनः पुनः प्रत्यय आला. प्रस्तुत लेखांत आम्ही दोन कृतींचा विचार करणार आहों. पहिली कृति म्हणजे केट मॅकिंटायर क्लीअर व मायकेल मॅकिंटायर ह्या दिग्दर्शकद्वयाचा ‘कांगारू: अ लव्ह-हेट स्टोरी’ हा 2017 सालचा माहितीपट. दुसरी कोणा एका ग्रंथकाराची नव्हे. ज्या सरकारी योजनापत्रांच्या आधारें ही शिकार चालते, तीं योजनापत्रें हीच ती दुसरी कृति.

सरकारी दप्तरांतील कागदांस वाङ्मय मानून त्यांवर टीका करणें कोणास विचित्र वाटेल. परंतु ज्या लिखाणानें दरसाल लक्षावधि प्राण्यांच्या जीविताचा निकाल लागतो, त्यांतील शब्द कसे निवडले गेले आहेत हें पाहण्याचा अधिकार टीकाकारास नसेल, तर तो कोणास आहे? शिवाय हा विषय आमच्या वाचकांस वाटतो तितका दूरचा राहिलेला नाहीं. मेलबर्न-सिडनीसारख्या शहरांत आज अनेक मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत. ज्या देशाच्या राजचिन्हावर 1908 सालापासून कांगारू उभा आहे, त्याच देशाच्या बाजारांत कांगारूचें मांस गोमांसाच्या व मेंढीच्या मांसाच्या शेजारीं मांडलेलें त्यांस दिसतें, आणि तें घ्यावें कीं घेऊं नये ह्याचा विचार त्यांसही करावा लागतो.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणें जरूर आहे. 1770 सालीं कॅप्टन कुकचें ‘एन्डेव्हर’ जहाज आजच्या क्वीन्सलंडच्या उत्तर किनाऱ्यावर दुरुस्तीसाठीं थांबलें असतां तेथील गूगू यिमिथिर लोकांच्या तोंडचा एक शब्द कुक व जोसेफ बँक्स यांनीं टिपून घेतला. तोच हा ‘कांगारू’. ह्या शब्दाचा अर्थ ‘मला ठाऊक नाहीं’ असा आहे, ही गोष्ट अद्यापि पुष्कळ ठिकाणीं छापली जाते. ती निव्वळ दंतकथा होय. मोठ्या कांगारूंपैकीं एका विशिष्ट जातीस ते लोक ‘गंगुरू’ म्हणत, हें 1970 च्या दशकांत जॉन हॅविलंड ह्या भाषाशास्त्रज्ञानें दाखवून दिलें. बँक्सनें विलायतेस नेलेल्या कातड्यावरून जॉर्ज स्टब्स ह्या प्रसिद्ध चित्रकारानें 1772 सालीं कांगारूचें तैलचित्र काढलें. स्टब्सनें तें जनावर जिवंत असें कधींच पाहिलें नव्हतें. युरोपाची कांगारूशीं ओळख झाली ती अशी कातड्यापासून. आणि पुढील दीडशें वर्षें ती बहुतांशीं कातड्यापुरतीच राहिली.

वसाहतवाल्यांनीं मेंढ्या आणल्या, कुरणें राखलीं, आणि त्या कुरणांत चरणारा कांगारू एकाएकीं चोर ठरला. 1877 सालीं क्वीन्सलंडनें कांगारू व त्याच्या जातीचे इतर प्राणी मारणारास बक्षिस देण्याचा कायदा केला. तेव्हांपासून 1930 पर्यंत त्या एका प्रांतांत अडीच कोटींहून अधिक प्राण्यांवर बक्षिसें वांटलीं गेलीं. ह्या पार्श्वभूमीवर एथेल पेड्ली ह्या लेखिकेचें ‘डॉट अँड द कांगारू’ हें मुलांचें पुस्तक 1899 सालीं प्रसिद्ध झालें. रानांत वाट चुकलेल्या एका लहान मुलीस पिलूं हरवलेली कांगारू-मादी आपल्या पोटपिशवींत घेऊन फिरते, अशी त्याची कथा आहे. अर्पणपत्रिकेंत लेखिकेनें आपल्या देशांतील प्राणी निर्दय संहारानें नामशेष होत चालल्याचें दुःख व्यक्त केलें आहे. ऑस्ट्रेलियन वाङ्मयांतील कांगारूविषयींच्या विलापाचा हा एक आरंभ म्हटला तरी चालेल.

हा विलाप खरा ठरला काय? ह्या प्रश्नाचें उत्तर मोठें बोधप्रद आहे. तो अर्धा खरा ठरला. मात्र ज्यांच्यासाठीं आंसवें गाळलीं गेलीं ते मोठे कांगारू टिकले, आणि ज्यांची कोणी फारशी दखल घेतली नाहीं ते लहान भाऊबंद गेले. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागांतील दलदलींच्या कडेस राहणारा टूलाश वॉलाबी हा अत्यंत देखणा प्राणी शिकारीमुळें, दलदली कोरड्या केल्यामुळें व बाहेरून आणलेल्या कोल्ह्यांमुळें संपला. बंदिवासांतील शेवटचा प्राणी 1939 सालीं मेला. उलटपक्षीं मोठ्या कांगारूस मनुष्यानें नकळत साहाय्यच केलें. मेंढ्यांसाठीं खोदलेल्या विहिरींचें व तळ्यांचें पाणी त्यास मिळालें; मेंढ्यांच्या रक्षणासाठीं बांधलेल्या सुमारे 5,600 किलोमीटर लांबीच्या कुंपणानें डिंगो नांवाचा रानकुत्रा, जो त्याचा मुख्य वैरी, तो आग्नेयेकडील चराऊ प्रदेशाबाहेर राहिला. तेव्हां आजचा कांगारूंचा कळप हा केवळ निसर्गाचा ठेवा नव्हे. त्यांत मनुष्याच्या हाताचाही भाग आहे. जे ह्या शिकारीचा निषेध करतात त्यांनीं ही गोष्ट विसरूं नये, आणि जे तिचें समर्थन करतात त्यांनींही.

आज मुख्य भूमीवर प्रामुख्यानें चार जातींची व्यापारी शिकार होते: तांबडा कांगारू, पूर्वेकडील करडा, पश्चिमेकडील करडा, आणि डोंगराळ भागांतील वॉलारू. न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलंड, दक्षिण ऑस्ट्रेलिया व पश्चिम ऑस्ट्रेलिया ह्या प्रांतांत हा उद्योग जुना आहे. व्हिक्टोरिया प्रांतानें तो 2019 सालीं रीतसर सुरू केला. परदेशीं माल पाठवावयाचा तर 1999 च्या पर्यावरणसंरक्षण कायद्याखालीं मध्यवर्ती सरकारनें मंजूर केलेली योजना लागते. ह्या योजनांचें सारें तर्कशास्त्र एका वाक्यांत सांगतां येतें: दरसाल कळपाची मोजणी करावी, वाढीच्या मानानें त्याचा ठराविक हिस्सा मारण्यास परवानगी द्यावी, आणि मुद्दल शाबूत ठेवून व्याज तेवढें खावें.

मोजणी कशी होते तें पाहणें मनोरंजक आहे. ही पद्धति बसविण्याचें बरेंचसें श्रेय ग्रेम कॉघ्ली ह्या प्राणिशास्त्रज्ञाकडे जातें. लहान विमान जमिनीपासून सुमारे 76 मीटर उंचीवरून, ताशीं सुमारे 185 किलोमीटर वेगानें, आंखलेल्या सरळ रेषेंत उडतें. दोन्ही बाजूंस बसलेले निरीक्षक ठराविक रुंदीच्या पट्ट्यांतील कांगारू मोजतात. झाडाखालचे, सांवलींतले, गवतांतले प्राणी नजरेंतून सुटतात. म्हणून मिळालेल्या आंकड्यास एका ठराविक गुणकानें गुणतात. कांहीं भागांत हेलिकॉप्टरनें निराळ्या पद्धतीनें मोजणी होते. ह्या अंदाजाच्या साधारणपणें 15 ते 20 टक्के इतकी मर्यादा ठरविली जाते. प्रत्यक्षांत मारल्या जाणाऱ्या कांगारूंची संख्या ह्या मर्यादेच्या बरीच खालीं राहते. अलीकडच्या वर्षांत ती दरसाल 10 ते 15 लाखांच्या आसपास आहे. शिवाय कळप दीर्घ मुदतीच्या सरासरीहून फार खालीं गेल्यास मर्यादा कमी करण्याची, प्रसंगीं शिकार थांबविण्याचीही तरतूद अनेक योजनांत केलेली आहे.

ह्या व्यवस्थेवर माहितीपटानें जो मुख्य आक्षेप घेतला आहे तो संख्येचा आहे, आणि तो क्षुल्लक नव्हे. सरकारी तक्त्यांप्रमाणें शिकारीच्या प्रदेशांतील कांगारूंची संख्या 2001 सालीं सुमारे 5 कोटी 70 लाख होती. पुढें मोठें अवर्षण पडलें आणि ती निम्म्याहूनही खालीं आली. 2010 सालीं ती सुमारे 2 कोटी 50 लाख होती, आणि 2011 सालीं ती सुमारे 3 कोटी 40 लाख झाली. एका वर्षांत शेंकडा 36 वाढ! ज्या प्राण्याची मादी एका वेळीं एकच पिलूं प्रसवते, जें पिलूं तांबड्या कांगारूंत सुमारे आठ महिने व करड्यांत त्याहूनही अधिक काळ पिशवींतून पुरतें बाहेर पडत नाहीं, आणि बाहेर आल्यावरही ज्यांतलीं पुष्कळ पिलें दगावतात, त्या प्राण्याची अशी वाढ निसर्गानें होणें दुरापास्त आहे, असें आक्षेपकांचें म्हणणें. आमच्या मतें हा आक्षेप योग्य आहे. असे आंकडे केवळ जन्ममृत्यूनें घडत नाहींत. मोजणीचे प्रदेश, पद्धति व गुणक ह्यांत फरक पडला, किंवा पावसाच्या ओढीनें प्राणी एका भागांतून दुसऱ्या भागांत गेले, म्हणजे कागदावर अशा उड्या दिसतात. लेखणीनें झालेली वाढ व पोटपिशवींतून झालेली वाढ ह्यांतील भेद योजनापत्रांनीं सामान्य वाचकास स्पष्टपणें सांगावयास पाहिजे. तो सांगितला न गेल्यास संशयास जागा राहते, आणि तो दोष वाचकाचा नव्हे.

परंतु येथून पुढें चित्रपटाची तर्कपरंपरा लंगडूं लागते. मोजणी स्थूल आहे, एवढें सिद्ध झालें म्हणून कळप नष्ट होत चालला आहे हें सिद्ध होत नाहीं. ज्याचें घड्याळ चुकीचें आहे त्याची गाडी चुकलीच असेल असें अनुमान कोणी करीत नाहीं. त्या तक्त्यांवरून एक गोष्ट मात्र पक्की दिसते: कांगारूंची संख्या मुख्यतः पावसाबरोबर चढते व पावसाबरोबर उतरते. अवर्षणांत तांबड्या कांगारूची मादी विणें थांबविते; पाऊस पडून हिरवळ आली कीं पुन्हां विऊं लागते. तिची एक अजब शक्ति अशी कीं, एक पिलूं पायाशीं, दुसरें पिशवींत, आणि तिसरें गर्भाशयांत सुप्त बीजाच्या रूपानें, अशीं तीन तिला एकदम बाळगतां येतात. पिशवी रिकामी झाली कीं तें सुप्त बीज वाढीस लागतें. अशा प्राण्याच्या बाबतींत एका वर्षाचा उतार हा विनाशाचा पुरावा नव्हे, तसा एका वर्षाचा चढ हा सुस्थितीचा पुरावाही नव्हे. अमेरिकेच्या सरकारनें 1974 सालीं तीन मोठ्या जातींचा संकटग्रस्तांच्या यादींत समावेश करून त्यांच्या मालास बंदी घातली. 1981 सालीं ती उठविली आणि 1995 सालीं त्या जाती यादींतून काढून टाकल्या. तेव्हांपासूनही ही शिकार चालूच आहे, आणि त्या चारही जाती अद्यापि विपुल आहेत. तात्पर्य, संपूर्ण जातीच्या दृष्टीनें पाहतां ही शिकार आजवर टिकाऊ ठरली आहे, असेंच प्रांजळपणें म्हणावें लागतें.

मग चित्रपटास विनाशाची भीति कां घालावी लागली? ह्याचें उत्तर वाङ्मयाच्या इतिहासांत आहे. पेड्लीच्या पुस्तकापासून कांगारूविषयीं करुणा उत्पन्न करण्याचा जो मार्ग रूढ झाला, तो ‘हा आतां नाहींसा होणार’ असें सांगण्याचा. जणूं काय एखादा प्राणी शेवटचा असल्याशिवाय त्याच्या दुःखास किंमतच नाहीं! ही एक प्रकारची दुर्बळ करुणा होय. ती प्रतिपक्षाच्या हातांत स्वतःच शस्त्र देते. कारण कळप विपुल आहे एवढें दाखवितांच तिच्या पायाखालची जमीन सरकते. आणि ज्या प्रश्नावर खरोखर उत्तर मागावयाचें तो प्रश्न, म्हणजे मारण्याच्या रीतीचा प्रश्न, एका हरलेल्या दाव्याबरोबर फेंटाळला जातो.

आतां योजनापत्रांच्या भाषेकडे वळूं. त्यांतील दोन शब्दांचा विचार केला पाहिजे. पहिला शब्द ‘हार्वेस्ट’, म्हणजे पिकाची कापणी. शेतांत जो पेरतो, निंदणी करतो, राखण करतो, तो कापणी करतो. आणि कापलेल्या कणसास वेदना नसते. रानांत रात्रीं गाडीवरून प्रखर दिव्याचा झोत टाकून, त्या झोतानें स्तब्ध झालेल्या जनावराच्या मस्तकांत गोळी घालणें ह्यास कापणी म्हणणें हा उपमेचा गैरवापर आहे. शिकार म्हणा, वध म्हणा. शब्द खरा असला म्हणजे पुढील विचारही खरा होतो. पूर्वीं ह्या शिकारीचें समर्थन कुरणांच्या व पिकांच्या नासाडीवरून होत असे. पुढें पुढें तें कारण मागें पडत गेलें आणि कांगारू हा एक उपयुक्त साठा असून त्याचा व्यापार करणें हेंच स्वतंत्र उद्दिष्ट ठरलें. चोर म्हणून ज्यास मारीत होते त्यासच पीक म्हणून मारूं लागले. कारण बदललें, क्रिया तीच राहिली. एवढा मोठा पालट एका निरुपद्रवी शेतकी शब्दाच्या आडून झाला, ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाहीं.

दुसरा शब्द ‘सस्टेनेबल’. आमच्याकडील वृत्तपत्रें त्याचें भाषांतर ‘शाश्वत’ असें करतात. हा शब्द वेदान्तांतला. ज्यास उत्पत्ति नाहीं व नाश नाहीं तें शाश्वत. जो कळप एका अवर्षणांत अर्धा होतो त्यास शाश्वत म्हणणें हा त्या शब्दाचाही अपमान आणि त्या कळपाचाही. इंग्रजी शब्दाचा अर्थ इतकाच कीं, ही क्रिया पुढेंही अशीच चालू ठेवतां येईल. म्हणजे तो क्षमतेचा शब्द आहे, योग्यतेचा नव्हे. ‘हें टिकेल काय?’ ह्या प्रश्नास तो उत्तर देतो. ‘हें करावें काय?’ ह्या प्रश्नास तो स्पर्शही करीत नाहीं. परंतु ‘शाश्वत’ ह्या शब्दाभोंवतीं जें पावित्र्य आहे त्यामुळें पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळतांच दुसऱ्याचेंही मिळालें असा भास होतो. आमचा सारा आक्षेप ह्या भासावर आहे.

तो दुसरा प्रश्न कोणता तें आतां स्पष्ट सांगितलें पाहिजे. मादी मारली तर तिच्या पिलाचें काय? सरकारी आचारसंहिता ह्याविषयीं गप्प नाहीं. 2008 सालीं ठरलेल्या व 2020 सालीं सुधारलेल्या ह्या संहितेप्रमाणें मोठ्या जनावरास मेंदूंत गोळी घालून एकदम मारलें पाहिजे, आणि मारलेल्या मादीच्या पिशवींतील पिलासही शिकाऱ्यानें तेथल्या तेथें मारून टाकलें पाहिजे. लहान पिलासाठीं डोक्यावर जोराचा आघात करण्याची रीत सांगितली आहे. पायाशीं हिंडणारें पिलूं असेल तर त्यास गोळी घालावयाची. ही आज्ञा क्रूर वाटते खरी; पण मादी मेल्यावर पिलास उपाशीं मरूं देणें ह्याहून क्रूर होय, असा तिचा युक्तिवाद आहे, आणि तो असत्य नाहीं. प्रश्न असा आहे कीं ती पाळली जाते किंवा नाहीं हें पाहणार कोण? तेथील प्राणिदयेच्या राष्ट्रीय संस्थेनें, म्हणजे आर.एस.पी.सी.ए. ऑस्ट्रेलियानें, 2002 सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत शेंकडा 95.9 जनावरांस गोळी मस्तकांतच लागल्याचें नमूद केलें. हा आंकडा उद्योगाचे कैवारी आवडीनें पुढें करतात. परंतु ही तपासणी कारखान्यांत आलेल्या मुडद्यांची होती. ज्या जनावराच्या जबड्यास गोळी लागून तें अंधारांत निसटलें तें कारखान्यांत येत नाहीं. आणि पिलूं तर मुळींच येत नाहीं. जें रानांत घडतें त्याचा हिशेब कारखान्याच्या दारांत मांडला तर तो अपुराच असणार. पायाशीं हिंडणारें पिलूं गोळीच्या आवाजानें बुजून पळालें, तर तें सांपडलें किंवा नाहीं ह्याची साक्ष त्या शिकाऱ्याखेरीज कोण देणार?

चित्रपटाचें खरें सामर्थ्य येथें आहे. रात्रीच्या प्रसंगांतील चित्रण पाहतांना प्रेक्षकाचा जीव गलबलतो. आणि येथें तो गलबलणें हा भावनेचा अतिरेक नव्हे, तर पुराव्याचा एक भाग आहे. सरकारी कागदांत जें एका कलमांत संपतें तें येथें डोळ्यांसमोर घडतें. दिग्दर्शकांनीं एवढाच प्रश्न हातीं धरला असता, आणि विनाशाची दवंडी पिटली नसती, तर त्यांच्या कृतीस उत्तर देणें सरकारास फार जड गेलें असतें.

ह्यावर उद्योगाचा पक्ष विचारील कीं, ही शिकार बंद केल्यानें कांगारू सुखी होईल काय? हा प्रश्न रास्त आहे आणि चित्रपटानें त्यास पुरेसा न्याय दिलेला नाहीं. व्यापार थांबला तरी मेंढपाळास नुकसानीच्या कारणावरून कांगारू मारण्याचा परवाना मिळतो. तो मुडदा कोठेंच तपासला जात नाहीं, तेथेंच पडून कुजतो. मस्तकांत गोळी नसेल तर कारखाना माल नाकारतो, हा पैशाचा कां होईना, पण एक अंकुश व्यापारी शिकाऱ्यावर असतो; ह्या दुसऱ्या शिकाऱ्यावर तोही नाहीं. अवर्षणांत अन्नपाण्यावांचून तडफडून मरणाऱ्या लक्षावधि कांगारूंचें मरणही कांहीं सौम्य नव्हे. कॅलिफोर्नियानें 1971 सालीं कांगारूच्या मालावर बंदी घातली, मध्यंतरीं ती कांहीं वर्षें शिथिल केली, आणि 2016 च्या आरंभापासून ती पुन्हां अमलांत आणली. प्यूमा व नायकी ह्या कंपन्यांनीं 2023 सालीं फुटबॉलच्या बुटांसाठीं कांगारूचें कातडें वापरणें सोडण्याचें जाहीर केलें. ह्या गोष्टींनीं त्या गिऱ्हाइकांचे हात स्वच्छ झाले असतील. पण रानांतील एखादें पिलूं त्यामुळें वांचलें किंवा नाहीं, हें बंदीच्या कागदावरून कळत नाहीं.

उद्योगाच्या पक्षांत एक उदात्त विचारही आहे, आणि त्याचा उल्लेख न करणें अन्यायाचें होईल. गॉर्डन ग्रिग ह्या प्राणिशास्त्रज्ञानें 1980 च्या दशकांत असें मांडलें कीं, मेंढ्यांच्या तीक्ष्ण खुरांनीं ऑस्ट्रेलियाची नाजूक जमीन उकरली जाते. कांगारूचा पाय मऊ. तेव्हां मेंढ्या कमी करून कांगारूंवर उपजीविका केल्यास जमीन सांवरेल. 2008 सालीं जॉर्ज विल्सन व मेलनी एडवर्ड्स यांनीं हिशेब मांडला कीं, 70 लाख गुरें व 3 कोटी 60 लाख मेंढ्या कमी करून कांगारूंची संख्या 17 कोटी 50 लाखांपर्यंत वाढविली, तर ऑस्ट्रेलियाच्या उष्णतावर्धक वायूंत शेंकडा 3 घट होईल. कारण कांगारूच्या पोटांत गुरांच्या मानानें मिथेन फारच थोडा होतो. विचार सुंदर आहे. परंतु त्यानंतर घडलें काय? मेंढ्यांच्या जागीं कांगारू आले नाहींत. मेंढ्या राहिल्या, आणि कांगारूंची शिकारही राहिली. ह्याचें कारण साधें आहे. कांगारू कायद्यानें सरकारचा. तो कुंपण उडून जातो. ज्याच्या जमिनीवर तो चरतो त्या मालकास त्याच्या मांसाचे पैसे सहसा मिळत नाहींत, आणि मांसाचा भावही थोडा. ज्या जनावराचें गवत आपण द्यावयाचें आणि मोल दुसऱ्यानें न्यावयाचें, त्याच्यासाठीं आपल्या मेंढ्या विकणारा मेंढपाळ कोणत्याही देशांत सांपडणार नाहीं. तेव्हां ह्या सिद्धान्ताच्या पुण्याईवर आजच्या व्यापारानें स्वतःस पावन करून घेऊं नये. कांगारूंसाठीं मेंढी कमी केली असती तर तें पुण्य जमा झालें असतें. त्यासाठीं ती कमी केलेली नाहीं.

तर मग करावें काय? आमच्या मतें मार्ग अगदींच अंधारांत नाहीं. एक गोष्ट ह्या उद्योगानेंच दाखवून दिली आहे. गेल्या दशकांत मोठ्या खरेदीदारांनीं मुख्यतः नरच घेण्याचें धोरण धरलें. नर मारला तर पिशवींतील पिलाचा प्रश्नच उद्भवत नाहीं. अर्थात् सर्वांत मोठे नर वेंचून मारल्यानें कळपाच्या घडणीवर काय परिणाम होतो ह्यावर नजर ठेवावी लागेल. परंतु पिलांच्या वधाचा प्रश्न इतक्या सरळपणें कमी करणारा दुसरा उपाय आमच्या दृष्टीस पडत नाहीं. विशेष हें कीं, असा पालट संख्येच्या हिशेबांतून निघाला नसता. उलट तो हिशेब म्हणेल, मादी मारल्याशिवाय संख्या आटोक्यांत राहत नाहीं. जेथें गणित एका बाजूस ओढतें तेथें मनुष्याची लाज दुसऱ्या बाजूस ओढूं शकते, हेंच त्यावरून दिसतें. हें धोरण बाजाराच्या मर्जीवर न ठेवतां कायद्यानें दृढ करावें. तपासनीसानें कारखान्याच्या दारांत उभें न राहतां रात्रीं रानांत जावें. आणि योजनापत्रांनीं आपले आंकडे देतांना गुणक व पद्धति ह्यांतील फरक सामान्य माणसास कळेल अशा भाषेंत सांगावे. न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाच्या एका समितीनें कांगारूंच्या स्थितीची चौकशी करून 2021 सालीं अहवाल सादर केला. ह्या विषयाची चर्चा चित्रपटगृहांतून विधिमंडळांत आली हें सुचिन्ह होय.

असो. दोन्ही कृतींविषयीं आमचा अभिप्राय थोडक्यांत असा. योजनापत्रांत विचार आहे, परंतु ज्याच्याविषयीं विचार चालला आहे तो प्राणी त्यांत कोठेंच दिसत नाहीं; तो टक्केवारींत विरून गेला आहे. चित्रपटांत प्राणी दिसतो, त्याचे डोळे दिसतात, परंतु विचार अर्ध्यावर भीतीच्या स्वाधीन झाला आहे. एकानें बुद्धीस पटवून हृदयास वगळलें, दुसऱ्यानें हृदयास हालवून बुद्धीस घाई केली. ज्यांस ह्या विषयावर प्रामाणिक मत बनवावयाचें आहे त्यांनीं दोन्ही वाचाव्या-पाहाव्या, आणि एका प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या जागीं कोणी ठेवीत असेल तर तेवढें ओळखावें. कांगारू टिकेल, असें आजवरचा अनुभव सांगतो. तो कसा मारला जातो ह्याची जबाबदारी त्या टिकण्यानें तिळमात्र कमी होत नाहीं. ती मारणाराची, मंजुरी देणाराची, आणि तें मांस व तें कातडें घरीं आणणाराची आहे.